लाल दोऱ्याचा दुधी

दुधी चिरण्याआधी त्याचा एक काप कच्चाच चाखायचा, ही ताईची जुनी सवय. सासरी गेली तेव्हा ती सवय बरोबर घेऊन गेली, आणि नवरा गेल्यावर धाकट्या भावाकडे राहायला आली तेव्हा दोन ट्रंकांबरोबर तीही परत घेऊन आली. त्या शुक्रवारी सकाळी तिने देठाकडचा पातळ काप दाताखाली धरला आणि तशीच मोरीकडे धावली.

"अरे धाकट्या, हा दुधी आहे की काढा?" चूळ भरता भरता ती म्हणाली. "चाखून बघ जरा. आणि गिळू नकोस हं, थुंक."

धाकटा म्हणजे सदुसष्ट वर्षांचे निवृत्त ग्रंथपाल. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ताई सोडून सगळे त्यांना ग्रंथपालच म्हणत. त्यांनी हातातलं पुस्तक पालथं ठेवलं आणि ताटातला एक काप जिभेवर ठेवला. कारल्याचा कडूपणा असतो तसा हा नव्हता. कारलं निदान समोरून येतं. हा कडूपणा आधी गप्प राहिला, मग घशाच्या तळाशी जाऊन बसला आणि तिथून वर आला. ग्रंथपाल मोरीपाशी जाऊन थुंकले, चूळ भरली, पुन्हा भरली. चव गेली नाही.

"बी कुठलं होतं रे?" ताईने विचारलं.

"आपल्याच कपाटातलं."

"मग असं कसं झालं?"

कसं झालं ते ग्रंथपालांना ठाऊक होतं. जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं, असं निदान त्या क्षणी त्यांना वाटत होतं.

बंद पडलेल्या बस डेपोमागे एक पडीक तुकडा होता. तिथले काचेचे तुकडे आणि गंजके पत्रे उचलून एका नर्सबाईंनी बारा वर्षांपूर्वी पहिला वाफा केला होता. आता तिथे वीस वाफे होते, वीस घरांचे. रासायनिक खत नाही, फवारणी नाही. घराघरातला ओला कचरा आणि रस्त्यावरचा पालापाचोळा कुजवून त्यावर जे येईल ते. घरापुरतं ठेवून उरलेली भाजी शुक्रवारी सकाळी फाटकापाशी एका लाकडी खोक्यात ठेवायची. ज्याला लागेल त्याने न्यावी. कोण नेतं हे विचारायचं नाही, एवढा एकच नियम नर्सबाईंनी तोंडी घालून दिला होता.

बाकीचे नियम ग्रंथपालांचे. वाचनालयाने कार्डांचं जुनं कपाट मोडीत काढलं तेव्हा त्यांनी ते हातगाडीवर घालून आणलं आणि त्याच्या छोट्या छोट्या खणांत बिया ठेवल्या. दहा बिया न्या, हंगामानंतर वीस परत करा. फक्त दुधी त्याला अपवाद. दुध्याचं बी दरवर्षी एकाच वेलावर, एकाच माणसाने धरायचं आणि तिथून सगळ्यांनी न्यायचं. कारण दुधी भोळा. शेजारी कडू भोपळा असला की त्याचा पराग घेऊन मोकळा होतो. आणि शेजारी कडू भोपळा होता. डेपोच्या कुंपणावर वाद्यं बनवणाऱ्याने आपले वेल चढवले होते. त्याला भोपळा कडूच लागायचा. गोड भोपळ्याला कीड लागते, कडू भोपळ्याची तंतुवाद्यं शंभर वर्षं टिकतात, असं तो सांगे.

नर्सबाई जाण्याआधी दुध्याचं काम ग्रंथपालांकडे आलं. "तुम्हालाच देते," बाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणारे. हे काम संशयी माणसाचंच आहे. आणि लक्षात ठेवा, फळ आईचं असतं, बी दोघांचं. चूक झाली तर त्या वर्षी चाखून कळणार नाही, पुढच्या वर्षी कळेल. कडू दुध्याचा रस प्यालेला माणूस मी वॉर्डात पाहिलाय. रक्ताच्या उलट्या होत होत्या हो."

काम तसं सोपं होतं. दुध्याचं फूल संध्याकाळी उमलतं. त्या दिवशी उमलणारी मादीकळी दुपारीच कागदाच्या पिशवीत बांधून ठेवायची. दिवेलागणीला पिशवी सोडायची, त्याच वेलाचं नरफूल तिच्यावर अलगद फिरवायचं, पिशवी पुन्हा बांधायची आणि देठाला लाल दोरा. लाल दोरा म्हणजे हे फळ हाताने धरलेलं, बियाण्याचं. त्याला कुणी हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी ग्रंथपालांनी दुपारी पिशवी बांधलीच नाही. संध्याकाळी बांधू आणि लगेच सोडू, असा विचार करून ते वाफ्याशेजारच्या बाकावर पुस्तक घेऊन बसले. पुस्तक साधंसुधंच होतं, पण शेवटची पन्नास पानं उरली होती. मान वर केली तेव्हा अंधार झाला होता, पांढरं फूल पूर्ण उमललं होतं आणि त्याच्याभोवती दोन पतंग भिरभिरत होते. सकाळी पाहिलं तर फूल मिटलेलं आणि खालचं इवलंसं फळ धरलेलं. वेल म्हातारा झाला होता, पुढची मादीकळी येईल की नाही याची खात्री नव्हती. कुंपण तीस पावलांवर. पतंगाला तीस पावलं म्हणजे काय! पण आयुष्यात प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या या माणसाने नेमकी त्या सकाळी शंका घेतली नाही. होईल सगळं ठीक, असं स्वतःला सांगितलं आणि देठाला लाल दोरा बांधला.

त्याच फळाच्या बिया यंदा तेरा वाफ्यांत होत्या.

ताई अजून काहीतरी विचारत होती. ग्रंथपालांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. सात वाजून दहा मिनिटं. शुक्रवार. खोकं एव्हाना फाटकापाशी गेलं असणार. आणि फाटकापाशी मामा असणार.

मामा म्हणजे डेपोचे जुने पहारेकरी. डेपो बंद पडला तरी त्यांची खोली आणि त्यांची खुर्ची फाटकापाशीच राहिली. गेल्या चार वर्षांत एकही सकाळ त्यांनी दुध्याच्या रसाशिवाय काढली नव्हती. कच्चा दुधी किसायचा, फडक्यातून पिळायचा, मोठा स्टीलचा पेला भरून घ्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचं, "कडू असेल ते पोटात, गोड असेल ते कचऱ्यात! म्हणून बहात्तराव्या वर्षी कंबर ताठ आहे."

ग्रंथपाल पळाले. म्हणजे सदुसष्टाव्या वर्षी जितकं पळता येतं तितकं. बेकरीच्या कोपऱ्यावर त्यांच्या लक्षात आलं की एका पायात आपली चप्पल आहे आणि दुसऱ्या पायात ताईची.

मामा खुर्चीत बसले होते. पेला भरलेला होता, आणि बोटभर रिकामा.

"मामा, ठेवा तो पेला खाली!"

"या ग्रंथपाल, या. ही कुठली फॅशन?" मामांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. "तुम्ही आणि पळताय? वाचनालयाला आग लागली की काय?"

"तो रस पिऊ नका."

"का बरं?"

ग्रंथपालांच्या तोंडात दोन उत्तरं एकदम आली. त्यातलं खोटं उत्तर पुढे होतं. "त्या दुध्याला कीड होती."

"कीड? मी स्वतः किसलाय. बर्फासारखा पांढरा." मामांनी पेला ओठांकडे नेला. "आज मात्र काय कडू उतरलाय म्हणता! एका घोटात डोळ्यांत पाणी. असला रस चार वर्षांत मिळाला नव्हता. थांबा, तुम्हालाही देतो अर्धा."

"मामा, अहो, कडू आहे म्हणूनच पिऊ नका."

"कडू ते गुणकारी. माझी आजी सांगायची."

"तुमच्या आजीनं हा दुधी पाहिला नव्हता!" ग्रंथपालांचा आवाज इतका चढला की खोक्यातली वांगी निवडणारी टेलरबाई मान वर करून बघायला लागली. वाचनालयात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज तिथल्या कुणी कधी ऐकलाच नव्हता. मामांनीही पेला ओठांपासून जरा दूर केला. पण पेला हातातच होता, आणि नुसत्या ओरडण्याला घाबरून पेला खाली ठेवणारे ते पहारेकरी नव्हते.

ग्रंथपालांनी टेलरबाईकडे पाहिलं. आज तिच्यासमोर बोलायचं म्हणजे! दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. यंदा तिने कपाटातलं दुध्याचं बी नेलंच नव्हतं. घरात बटणांच्या डब्यात जपलेलं जुनं बी लावलं होतं. त्यावरून ग्रंथपालांनी तिला सगळ्यांच्या सभेत नियमाचा कागद वाचून दाखवला होता. आणि आता…

"मामा," ते म्हणाले, "गेल्या वर्षी बियाण्याचं फूल मी हातानं फळवलं नाही. वाचत बसलो आणि राहून गेलं. रात्री पतंगांनी काय केलं ते मला माहीत नाही. सकाळी मी नुसताच दोरा बांधला. लाल दोरा खोटा होता. हा दुधी कुंपणावरच्या कडू भोपळ्याचा अर्धा पोर आहे. विषारी आहे. नर्सबाईंनी सांगितलं होतं, अशा रसानं माणूस रक्त ओकतो. किती प्यालात?"

मामांनी पेला खुर्चीखाली ठेवला. अगदी हळू, जसा काही तो फुटेल.

"एक घोट," ते म्हणाले. मग ओठ पुसून, "मोठा नव्हता."

टेलरबाई उठली. वांगी तिथेच राहिली. "उठा मामा, दवाखान्यात. पलीकडच्या गल्लीत आत्ताच उघडला असेल."

"मला काही होत नाहीये."

"होईपर्यंत बसायचंय का इथं? कंबर ताठ आहे ना? मग चाला." आणि ग्रंथपालांकडे वळून तिने विचारलं, "खोक्यातनं दुधी किती गेले?"

खोक्यातून कोण काय नेतं हे विचारायचं नाही असा नियम होता. पण मामा पहारेकरी होते. विचारायचं नव्हतं, बघायला बंदी नव्हती. "तीन," ते चालता चालता म्हणाले. "एक बेकरीवाल्याची आई. एक शाळा झाडणारी, ती निळ्या साडीतली. आणि एक त्या वाद्यवाल्यानं नेला."

"वाद्यवाल्यानं?" टेलरबाई म्हणाली. "छान! मुलगी माहेरी आली म्हणायची."

ग्रंथपालांना हसू आलं नाही. ते आल्या वाटेने परत फिरले. बेकरीवाल्याच्या आईने दुधी अजून पिशवीतच ठेवला होता. शाळा झाडणारी शाळेत भेटली. तिचा दुधी घरी सुनेपाशी होता. ती हातातला झाडू टाकून त्यांच्याबरोबर निघाली. सुनेने दुधी किसला होता, पण अजून चुलीवर घातला नव्हता. ग्रंथपालांनी किसाची चिमूट चाखली. गोड होता, अगदी नर्सबाईंच्या वेळी असायचा तसा, काकडीसारखा थंड आणि गोड. हे त्यांच्या ध्यानात नव्हतं आलं. पतंगांनी दोन्हीकडचा पराग आणला असणार. एकाच फळातल्या काही बिया कडू, काही गोड. म्हणजे वेलावेलाचा निवाडा वेगळा.

"ठेवू का मग?" सुनेने विचारलं.

"ठेवा," ते म्हणाले. मग पुन्हा चाखून पाहिला, दुसऱ्या बाजूने. "हो, ठेवा." दारापर्यंत गेले आणि परत आले. "शिजवायच्या आधी तुम्हीही चाखा. माझ्यावर जाऊ नका."

तिसरा दुधी वाद्यवाल्याने स्वतःच परत आणून दिला. कापल्यावर वासच ओळखीचा आला, म्हणाला.

दहाच्या सुमारास वीसपैकी सोळा घरांची माणसं डेपोमागे जमली होती. मामांना डॉक्टरने बसवून ठेवलं होतं. दोनदा उलटी झाली, मग पोट शांत झालं. ही बातमी टेलरबाईने आणली तेव्हा ग्रंथपाल अवजारांच्या पत्र्याच्या खोलीसमोर उभे होते. हातात नियमांचा कागद नव्हता. सकाळी मामांना जे सांगितलं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं. पुस्तकाचं सांगितलं, पतंगांचं सांगितलं, दोऱ्याचं सांगितलं. दोऱ्यापाशी अडखळले, तेव्हा ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणाले.

मग सातव्या वाफ्याचा रंगारी म्हणाला, "म्हणजे मी आठ आठवडे ज्याला पाणी घातलं ते विष?"

"चाखल्याशिवाय सांगता येत नाही."

"वा! आणि तुम्ही आम्हाला कागद वाचून दाखवायचे."

"दाखवायचो," ग्रंथपाल म्हणाले.

यावर रंगारी आपल्या वाफ्याकडे वळला. भांडायला समोरून थोडा तरी विरोध लागतो.

मग ते तेरा वेल चाखत निघाले. सुरी, पाण्याची बाटली आणि थुंकायला एक बादली. प्रत्येक वेलाचं एक कोवळं फळ, त्याचा नखाएवढा काप. ज्याचा वाफा त्यानेही चाखायचं, ही अट त्यांनीच घातली. बाटली धरून टेलरबाई मागोमाग चालली. न बोलावता.

पहिला वेल गोड. दुसरा गोड. तिसऱ्याला ग्रंथपाल थुंकले, आणि त्या वाफ्याच्या शाळामास्तरीण बाईंनी बुंध्याशी वाकून वेल उपटला. त्यांच्या वाफ्यात ते एकच मोठं पीक होतं. रंगाऱ्याचा वेल चाखताना सगळे जवळ सरकले. त्याच्या मांडवाला नऊ दुधी लोंबत होते, एकेक हाताएवढा. ग्रंथपालांनी काप तोंडात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, कारण सात वेल चाखून जीभ आता जिभेसारखी राहिली नव्हती.

"मला खात्री नाही," ते म्हणाले. "माझ्या तोंडावर आता विश्वास ठेवू नका. ताईला बोलवा."

ताई आली. एका पायात तिची चप्पल आणि दुसऱ्या पायात ग्रंथपालांची. तिने काप चाखला, डोळे मिटले. "गोड," ती म्हणाली. "अरे, हा तर साखरेसारखा आहे." रंगाऱ्याने तोंड फिरवलं आणि उगाच मांडवाची दोरी ताणून बघितली.

तेरापैकी पाच वेल कडू निघाले. त्यात ग्रंथपालांचा स्वतःचा होताच. उपटलेल्या वेलांचा ढीग कुंपणापाशी पडला आणि कडू दुधी वाद्यवाल्याने मागून घेतले. वाळवून बघतो, नाही जमलं तर पंधरवड्याने फेकून देईन, म्हणाला.

माणसं पांगली. ग्रंथपाल कपाटापाशी गेले, दुध्याचा खण ओढला, त्यात उरलेल्या बिया कागदात बांधल्या आणि कपाटाची किल्ली टेलरबाईसमोर धरली.

"हे काय?"

"आता हे तुम्ही सांभाळा. तुमचंच बी खरं निघालं. मी नियम सांगत राहिलो आणि बी वाचलं ते नियम मोडणाऱ्या डब्यात."

टेलरबाईने किल्ली घेतली नाही. ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली आणि बोटातलं शिवणाचं अंगुस्तान फिरवू लागली. कामाच्या घाईत ते काढायचं राहून गेलं होतं.

"लाल दोरा तुम्ही नेहमी कुणाकडनं नेता?" तिने विचारलं.

"तुमच्याकडनं."

"कधी नेता?"

"दुपारी. पिशवी बांधायच्या वेळी."

"गेल्या वर्षी सकाळी आलात. दुकान उघडायच्या आधी. दोरा घेतलात आणि नेहमी दोनदा आभार मानता तेही मानले नाहीत." तिने मान वर केली. "दुधी काय सकाळी फुलतो? मला तेव्हाच वाटलं, काहीतरी चुकलंय. म्हणून तर मी तुमचं बी घेतलं नाही."

ग्रंथपालांनी खण आत ढकलला. "मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुम्ही कधी चुकत नाही. इतके गप्प असता, असं वाटतं सगळं तुम्हाला माहीतच आहे. मीच स्वतःला म्हटलं, तू कपडे शिवणारी, तुला काय कळतं पुस्तकातलं. आणि वाटलं, फार तर साल जाड निघेल." तिने अंगुस्तान काढून मुठीत धरलं. "मामांना काही झालं असतं तर अर्धं माझ्याही माथ्यावर होतं. तेव्हा किल्ली मला देऊन तुम्ही एकटेच मोकळे होऊ नका."

ग्रंथपालांना आयुष्यात कुणी 'तुम्ही कधी चुकत नाही' असं म्हटलं नव्हतं. ते गप्प असत ते आपण चुकतो आहोत या धास्तीने, आणि लोक त्याला खात्री समजत होते. हे एवढं साधं त्यांच्या चाळीस वर्षांच्या वाचनात कुठे आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि त्यांनी ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं समजून पान उलटलं असेल.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"गोड वेल आठ उरलेत. माझा नववा. त्यातल्या तीन वेलांवर बी धरायचं, तीन घरांत ठेवायचं. आणि दोऱ्याला दोन गाठी. एक गाठ तुमची, दुसरी ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्याची. एका गाठीचं फळ भाजीला."

चार दिवसांनी रंगाऱ्याच्या वेलावर मादीकळी आली. दुपारी पिशवी बांधली गेली, आणि ऊन उतरल्यावर ग्रंथपाल मांडवापाशी आले तेव्हा मामा आपली खुर्ची तिथे आणून बसलेले होते. कडू सोडलं होतं, कंबर मात्र ताठ होती.

"पतंग आला तर मी बघतो," मामा म्हणाले. "डेपोत तीस वर्षं चोर पकडलेत."

टेलरबाई दोऱ्याचं रीळ घेऊन आली. तिने आधी मांडवाकडे पाहिलं, मग ग्रंथपालांच्या काखेकडे.

"ते काय आहे?"

"काही नाही. फूल उमलायला अजून अर्धा तास आहे, म्हटलं तेवढ्यात…"

तिने हात पुढे केला. ग्रंथपालांनी मुकाट्याने पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते आपल्या पिशवीत तळाशी, कात्रीखाली ठेवलं.

"दुसरी गाठ बसली की मिळेल," ती म्हणाली.

मग तिघंही कळीवरच्या कागदी पिशवीकडे बघत बसले.